यंत्रावरून इंजिन उतरवताना

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे नावाप्रमाणेच बाजारपेठेचे गाव आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सर्व परिसर परभणीत मोडत असे. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि अलीकडच्या काळात विशेषत्वाने हळद ही या भागाची पिके होत. पूर्णा प्रकल्पातील सिद्धेश्वर धरण याच तालुक्यात आहे. काळी कसदार जमीन, मृगाचा पाऊस आणि पाटाचे पाणी जेथे एकत्र येतात तेथे पीक जोमाने वाढते हे खरे. परंतु गवतही तितक्याच जोमाने वाढते. शेतातील तण, धुऱ्यावरचे गाजर गवत, शाळेच्या मैदानावरचे गुडघाभर गवत आणि स्मशानभूमीच्या वाटेवरील झुडुपे या सर्वांची वाढ आषाढ-श्रावणात एकाच वेळी होते आणि नेमक्या त्याच दिवसांत खुरपे धरणारे हात मिळेनासे होतात.

या अडचणीतून लहान इंजिनांवर चालणारी यंत्रे ग्रामीण भागात आली. शेतात पॉवर वीडर, खांद्यावर अडकवून चालविण्याचे ब्रश कटर आणि मैदानावर ढकलत नेण्याचे गवतकापणी यंत्र ही त्यांतील प्रमुख होत. केंद्र शासनाचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाल्यानंतर अनुदानावर घेतलेल्या लहान यंत्रांची संख्या वाढली. शेतकरी गट, अवजार बँका, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्याकडेही अशी यंत्रे आहेत. यंत्र घेण्याचा समारंभ होतो, नारळ फुटतो, छायाचित्र निघते. दोन पावसाळे उलटले की त्यांतील काही यंत्रे खोलीच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली आढळतात. चौकशी केली असता ‘इंजिन बसले’ एवढेच उत्तर मिळते. प्रत्यक्षात इंजिन बसलेले असतेच असे नाही. ते कोणीतरी उतरविलेले असते आणि पुन्हा नीट चढविलेले नसते.

सोयाबीनच्या पिकात पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस तणनियंत्रणाच्या दृष्टीने निर्णायक मानले जातात. या मुदतीत वीडर आठ-दहा दिवस बंद राहिला तर त्याची किंमत दुरुस्तीच्या पावतीत दिसत नाही. ती सुगीच्या वेळी काट्यावर दिसते. इंजिन केव्हा उतरवावे, कसे उतरवावे आणि परत कसे बसवावे हा विषय म्हणूनच केवळ कारागिराचा नाही. यंत्राच्या खरेदीवर सही करणाऱ्या प्रत्येकाला त्याची किमान माहिती असणे अगत्याचे आहे.

एका गावची दोन अपत्ये

गवत कापण्याचे यंत्र आणि मराठवाड्यातील विहिरींवर ‘फट् फट्’ आवाज करीत चालणारे जुने तेल इंजिन यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणास वाटणार नाही. तो आहे, आणि मनोरंजक आहे. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. लोकरी कापडावरचे उभे तंतू फिरत्या पात्यांनी कापण्याचे यंत्र तेथील गिरण्यांत वापरात होते. तीच रचना जमिनीवरून चालवली तर हिरवळही समान कापता येईल, हे त्याला सुचले आणि १८३० मध्ये त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे तो त्याच परगण्यातील डर्सले येथे जॉर्ज लिस्टर यांच्याबरोबर काम करू लागला व १८४६ मध्ये तेथेच निधन पावला. १८६७ मध्ये जॉर्ज यांचे पुत्र रॉबर्ट अॅश्टन लिस्टर यांनी डर्सले येथे कारखाना काढला. या कारखान्याचे मंदगती डिझेल इंजिन पुढे जगभर गेले आणि त्याच धर्तीची ‘लिस्टर टाइप’ इंजिने राजकोट येथे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. महाराष्ट्रात १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली. मोट सुटली, इंजिन आले. वीज आली तशी इंजिनाची जागा विजेच्या मोटारीने घेतली.

त्या जुन्या इंजिनाची एक गोष्ट मात्र विसरण्याजोगी नाही. ते जड होते, पायावर बोल्टांनी आवळलेले होते आणि तीन-चार माणसांशिवाय हलत नसे. साहजिकच दुरुस्ती करणारा मेस्त्री इंजिनाकडे येई. आजचे पाच-सात अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन सुमारे १५ किलो वजनाचे असते. चार बोल्ट सोडले की ते मोटारसायकलवर ठेवून बाजाराच्या दिवशी नेता येते. या सोयीनेच एक नवी सवय लावली आहे. काही बिघडले की प्रथम इंजिन उतरवायचे! उतरविणे सोपे झाले म्हणून ते आवश्यक ठरत नाही.

उतरविण्याची गरज आहे काय?

इंजिन चालू होत नाही तेव्हा चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात : इंधन, ठिणगी, हवा आणि दाब. या चारही गोष्टी इंजिन यंत्रावर असतानाच तपासता येतात.

इंधनाबाबत पहिला संशय शिळ्या पेट्रोलवर घ्यावा. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कार्तिकात ठेवलेले यंत्र ज्येष्ठात बाहेर काढले तर टाकीच्या तळाशी पाणी आणि कार्बोरेटरच्या वाटीत चिकट साका आढळणे स्वाभाविक आहे. वाटीखालचा निचऱ्याचा स्क्रू सोडून जुने पेट्रोल काढावे, वाटी स्वच्छ करावी, ताजे पेट्रोल घालावे. बंद पडलेल्या यंत्रांपैकी बरीच यंत्रे एवढ्यावर चालू होतात आणि त्यासाठी एकही फाउंडेशन बोल्ट सोडावा लागत नाही.

ठिणगीसाठी स्पार्क प्लग काढून पाहावा. तो काळा व ओला असेल तर स्वच्छ करावा; फट सामान्यतः ०.७ ते ०.८ मिलिमीटर असावी. येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अनेक चार-स्ट्रोक इंजिनांत तेलाची पातळी कमी झाली की ठिणगी आपोआप बंद करणारी व्यवस्था बसविलेली असते. तेल कमी आहे, किंवा यंत्र उतारावर तिरके उभे आहे, एवढ्यामुळे इंजिन चालू होत नाही. आणि ‘कॉइल गेली’ असा निष्कर्ष काढून इंजिन उतरविले जाते. यंत्र सपाटीवर घेऊन तेल पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

हवेच्या बाबतीत काळ्या जमिनीचा दोष मोठा आहे. उन्हाळ्यात या जमिनीची धूळ अत्यंत बारीक असते. हवेची जाळी दर ५० तासांनी साफ करावी, असे सर्वसाधारण पेट्रोल इंजिनांच्या माहितीपुस्तकांत सांगितलेले असते. धुळीच्या कामात ती त्याहून लवकर, प्रसंगी रोज साफ करावी लागते. जाळी काढून ठेवून यंत्र चालविण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. त्यामुळे इंजिन त्या दिवशी हलके चालते, हे खरे. परंतु धूळ सिलिंडरमध्ये जाऊन तेलाबरोबर मिसळते आणि पॉलिश कागदासारखी पिस्टनच्या कड्या झिजवीत राहते. मग इंजिन खरोखरच उतरवावे लागते.

दाबाची परीक्षा दोरी हळूहळू ओढून करता येते. ओढताना एका ठिकाणी स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. तो जाणवत नसेल तरीही लगेच पिस्टनला दोष देऊ नये. व्हॉल्व्हची फट बिघडली तरी दाब जातो. प्रचारात असलेल्या १६३ घनसेंटिमीटरच्या एका प्रकारच्या इंजिनात ही फट थंड स्थितीत आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१५ आणि बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हला ०.२० मिलिमीटर ठेवावयाची असते. इतर इंजिनांचे आकडे वेगळे असू शकतात. ते माहितीपुस्तकातूनच घ्यावेत, शेजारच्या यंत्रावरून नव्हेत.

गवतकापणी यंत्राचा एक विशिष्ट अपघात शिक्षकांनी माहीत करून घ्यावा. मैदानावर कार्यक्रमाच्या मंडपाची लोखंडी खुंटी राहून गेलेली असते. फिरते पाते तिच्यावर आदळते आणि इंजिन जागच्या जागी थांबते. नंतर दोरी ओढली की ती हातास उलटा हिसका देते, पण इंजिन चालू होत नाही. अशा वेळी बहुधा फ्लायव्हीलच्या खाचेतील लहानशी चावी कातरली गेलेली असते. ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, धक्का तिने सोसावा आणि मोठा भाग वाचावा, हा त्यामागील हेतू. ही चावी इंजिन न उतरविताही बदलता येते. मात्र चावी बदलल्यावर यंत्र थरथरू लागले तर दांडा वाकला असण्याची शक्यता असते. तेव्हा यंत्र त्वरित बंद करावे.

वाकलेला दांडा, दांड्याच्या बाजूच्या सीलमधून गळणारे तेल, पिस्टन-कड्यांचे काम, तडकलेला पाया किंवा तुटून आत राहिलेला फाउंडेशन बोल्ट ही इंजिन उतरविण्याची खरी कारणे होत. यांखेरीज एक कारण मोसम संपल्यावरचे आहे : पंख्याच्या आवरणाखाली आणि पायाच्या खाली साचलेला चिखल व गवत पूर्णपणे काढण्यासाठी वर्षातून एकदा इंजिन वेगळे करणे काही यंत्रांत श्रेयस्कर ठरते. हे काम माघ-फाल्गुनात करावे. मृग लागल्यावर करू नये.

उतरविण्याचे काम

जागा प्रथम ठरवावी. काम उघड्या, सावलीच्या आणि सपाट जागी करावे. बंद खोलीत इंजिन चालवून पाहणे हा जीवघेणा प्रकार आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. गुंगी येते आहे हे लक्षात येईपर्यंत पाय उचलत नाहीत. पेट्रोल काढताना जवळपास चूल, विडी, वेल्डिंग असू नये. काढलेले पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कदापि भरू नये. शाळेत आणि शेतातील आखाड्यावर तर नाहीच, कारण तेथे तहानलेले मूल बाटलीवरची खूण वाचत नाही.

इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट करावे व बंद करावे. कोमट तेल पातळ होते आणि तळाची घाण बरोबर घेऊन बाहेर पडते. त्यानंतर स्पार्क प्लगची टोपी काढून ती प्लगपासून दूर बांधून ठेवावी. ही पायरी कोणत्याही कारणाने गाळू नये. बंद इंजिनाचे पाते हाताने फिरविले तरी आतील पिस्टन हलतो. ठिणगी मिळाली तर इंजिन क्षणभर पेट घेते आणि तो क्षण बोटे जाण्यास पुरेसा असतो.

पेट्रोलचा कॉक बंद करावा, टाकी रिकामी करावी, तेल घमेल्यात काढावे. सर्वसाधारण १६३ घनसेंटिमीटरच्या इंजिनात जेमतेम ०.६ लिटर तेल असते. एवढ्याशा तेलावर सर्व फिरते भाग अवलंबून आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना मापात ओतून दाखविण्यासारखी आहे. जळके तेल नालीत किंवा विहिरीच्या काठी ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडे द्यावे. हातापायांना ते चोपडण्याची जुनी सवयही सोडावी, कारण ते त्वचेला अपायकारक आहे.

आता जोडण्या सोडावयाच्या. गती कमीजास्त करणारी केबल, बंद करण्याच्या बटणाची तार, असल्यास तेलसूचकाची तार आणि क्लचची केबल या चार जोडण्या बहुतेक यंत्रांत असतात. सोडण्यापूर्वी प्रत्येकीचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. केबल कोणत्या भोकात होती, स्प्रिंग कोणत्या बाजूला ओढत होती, हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. गतिनियंत्रकाच्या स्प्रिंगा एकमेकींसारख्या दिसतात. एक भोक चुकले तरी इंजिन मर्यादेबाहेर वेगाने फिरू शकते. नट-बोल्ट काढले की त्याच भोकात हाताने दोन आटे परत बसवून ठेवण्याची पद्धत उत्तम. ते जमत नसेल तर निरनिराळ्या डब्यांत ठेवून वर कागद लावावा. ‘सगळे एकाच घमेल्यात’ ही पद्धत शेवटी दोन बोल्ट शिल्लक ठेवते.

यापुढील काम यंत्राच्या प्रकारानुसार बदलते.

ढकलत्या गवतकापणी यंत्रात इंजिनाचा दांडा उभा असतो आणि पाते थेट त्याच्या खालच्या टोकाला असते. यंत्र आडवे करताना कार्बोरेटर व हवेच्या जाळीची बाजू वर राहील असे करावे. उलट केले तर राहिलेले तेल जाळीत आणि सिलिंडरमध्ये उतरते. पात्याला हाताने धरू नये. आवरण आणि पाते यांच्यामध्ये लाकडी ठोकळा अडकवून मग बोल्ट सोडावा. जाड हातमोजे वापरावेत. पाते काढल्यावर त्याची कोणती बाजू खाली होती हे खडूने लिहून ठेवावे, कारण उलटे बसविलेले पाते गवत कापत नाही, नुसते झोडपते. नंतर पात्याचे आसन काढावे. ते गंजून धरले असेल तर गंज सोडविणारे तेल घालून रात्रभर थांबावे व पुलरने ओढावे. दांड्याच्या टोकावर हातोडा मारू नये. घाव टोकावर बसतो, पण इजा आतील बेअरिंगला होते. हे सर्व झाल्यावर पायाचे तीन किंवा चार बोल्ट सोडून इंजिन सरळ वर उचलावे.

ब्रश कटरमध्ये हे काम सर्वांत सोपे आहे. इंजिन आणि लांब नळी यांना जोडणाऱ्या क्लचच्या आवरणाचे स्क्रू काढले की इंजिन मागे सरकून मोकळे होते. अडचण दुसऱ्या टोकाला येते. पात्याच्या नटाचे आटे सामान्यतः उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावणारा माणूस तो नट अधिकच आवळत राहतो आणि शेवटी गिअरचे डोके तोडतो. दोन-स्ट्रोक इंजिनाच्या ब्रश कटरमध्ये वेगळे तेल नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. २५ भागांस एक भाग असे प्रमाण सांगितले असेल तर लिटरला ४० मिलिलिटर आणि ५० भागांस एक भाग असेल तर २० मिलिलिटर तेल घालावे. इंजिन जळण्याच्या कारणांत हा हिशेब चुकणे हे कारण फार वर आहे.

पॉवर वीडरमध्ये दोन रचना दिसतात. एकीत इंजिनाची शक्ती बेल्टने गिअरपेटीकडे जाते, दुसरीत इंजिन गिअरपेटीला थेट बोल्टांनी जोडलेले असते. बेल्ट असेल तर प्रथम ताण देणारी पुली सैल करून बेल्ट काढावा, पेचकसाने उचकटू नये. पायाच्या भोकांभोवती खडूने कड आखून ठेवावी, म्हणजे इंजिन पुन्हा त्याच जागी येईल. पायाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतील तर कोणत्या बोल्टाखाली किती होत्या तेही लिहावे. थेट जोडणीच्या यंत्रात इंजिन सरळ रेषेत मागे ओढावे लागते. ते अर्धवट निघालेले असताना त्याचे वजन दांड्यावर लोंबकळू देऊ नये; खाली लाकडी ठोकळे सरकवीत जावे. नऊ-दहा अश्वशक्तीचे हवेने थंड होणारे डिझेल इंजिन ४५ ते ५० किलोंच्या घरात जाते. ते एकट्याने उचलण्यात पुरुषार्थ नाही. दोघांनी, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून उचलावे, आणि ठेवण्याची जागा उचलण्यापूर्वीच मोकळी करून ठेवावी.

उतरलेल्या इंजिनाची तपासणी

टेबलावर आलेले इंजिन प्रथम धुण्याचा मोह होतो. पाण्याचा जोराचा फवारा मारू नये. हवा आत जाण्याचा आणि धूर बाहेर पडण्याचा मार्ग कापडाने बंद करून ब्रशने व कोरड्या हवेने साफसफाई करावी. पंख्याचे आवरण काढल्यावर सिलिंडरच्या बारीक पट्ट्यांमध्ये दाबून बसलेला कचरा दिसतो. गवतकापणी यंत्रात तो वाळलेल्या गवताचा, वीडरमध्ये मातीचा आणि बंद खोलीत ठेवलेल्या यंत्रात पुष्कळदा उंदराच्या घरट्याचा असतो. या पट्ट्यांतून वाहणारी हवा हेच अशा इंजिनाचे थंड राहण्याचे साधन आहे. त्या बुजल्या की तेल कितीही चांगले असले तरी इंजिन तापते. सायलेंसरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले सापडते. तारेने ते काढावे.

दांड्याभोवतीचे सील ओले दिसत असेल तर इंजिन उतरलेले असतानाच बदलून घ्यावे. दांडा बोटांनी वरखाली हलवून पाहावा. जाणवेल इतका खुळखुळा असेल तर बेअरिंगचे काम आहे आणि ते जाणकार कारागिराकडेच द्यावे. पायाची भोके लांबट झाली आहेत का, पत्र्याच्या चौकटीला तडे गेले आहेत का, हे पाहण्याची संधी पुन्हा लवकर येत नाही. सैल बोल्टावर चाललेल्या यंत्राची चौकट इंजिनाच्या आधी मरते. बेल्टला आडवे तडे किंवा चकाकणाऱ्या कडा असतील तर नवा बेल्ट घ्यावा. मापाचा आकडा जुन्या बेल्टवर छापलेला असतो. तो पुसट झाला असेल तर जुना बेल्टच दुकानी न्यावा.

पुन्हा बसविताना

बसविण्याचा क्रम उतरविण्याच्या उलटा असतो, असे म्हणून हा भाग सर्वत्र उरकला जातो. खरे पाहता बहुतेक चुका येथेच होतात.

इंजिन जागेवर ठेवल्यावर चारही बोल्ट प्रथम बोटांनी लावावेत. एखादा बोल्ट बोटांनी जात नसेल तर इंजिन सरळ बसलेले नाही. पान्याचा जोर त्यावरचा उपाय नव्हे. बेल्टच्या यंत्रात दोन्ही पुल्यांच्या कडेला सरळ पट्टी लावावी. पट्टी दोन्ही पुल्यांना सारखी टेकली पाहिजे. तिरक्या पुल्यांवर नवा बेल्ट फार काळ टिकत नाही आणि दांड्यावर एकाच बाजूने ओढ बसते. पुलीची चावी खाचेत नीट बसली आहे हे पाहून मगच स्क्रू आवळावा. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, दोन-तीन फेऱ्यांत घट्ट करावेत. स्प्रिंगचे वॉशर चपटे झाले असतील तर ते बदलावेत. या वॉशरची किंमत नगण्य आहे. स्पार्क प्लग आधी हाताने पूर्ण आत घालावा. नवा असेल तर बैठकीला टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा, जुना असेल तर आठवा ते चौथा हिस्सा फेरा पुरेसा होतो. अॅल्युमिनियमच्या डोक्यातील आटे एकदा गेले की दुरुस्ती महाग पडते.

त्यानंतर तेल. सर्व जोडण्या पूर्ण झाल्या, पेट्रोल भरले, लोक भोवती जमले आणि कोणीतरी उत्साहाने दोरी ओढली. तेलाची आठवण मात्र कोणालाच झाली नाही, असे घडते. तेलसूचक नसलेले इंजिन कोरडे चालले तर थोड्या मिनिटांत कामातून जाते. यावर साधा उपाय आहे. तेल काढले त्याच वेळी ‘तेल नाही’ असे लिहिलेला पुठ्ठा सुतळीने दोरीच्या मुठीला बांधावा आणि तेल भरणाऱ्यानेच तो सोडावा. पातळी पाहताना यंत्र सपाटीवर असावे. काही इंजिनांत तेलमापक टोपी आटे न फिरविता नुसती टेकवून पातळी पाहावयाची असते, काहींत फिरवून. माहितीपुस्तक येथेही निर्णायक.

डिझेल इंजिनात नळी सुटली की तिच्यात हवा शिरते. ‘इंजिनाने एअर धरली’ असे म्हणतात ते हेच. पंपाजवळील जोडणी किंचित सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे व मग आवळावे.

देखभालीचे वेळापत्रक ठरविताना आणखी एक गफलत होते. तेल पहिल्यांदा २० तासांनी किंवा महिन्याने आणि नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलावे, असे एका प्रचलित पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत सांगितलेले असते. लोकांच्या लक्षात सहा महिने राहतात. गटाचा वीडर मोसमात रोज सात तास भाड्याने चालत असेल तर त्याचे १०० तास पंधरवड्यात भरतात. म्हणजे एका पावसाळ्यात तेल तीन-चार वेळा बदलणे आवश्यक ठरते. शाळेचे गवतकापणी यंत्र याउलट वर्षाला तीस-चाळीस तासच चालते. त्याला महिन्यांचा नियम लावावा लागतो. म्हणून तासांची नोंदवही दोघांनाही हवी. तिच्यात तारीख, चाललेले तास, घातलेले तेल, काढलेला भाग आणि काम करणाऱ्याचे नाव एवढे रकाने पुरतात.

ग्रामपंचायतींच्या संदर्भात येथे एक प्रशासकीय बाब येते. यंत्राच्या खरेदीची तरतूद होते, तिच्या निगेची होत नाही. तेल, प्लग, हवेची जाळी, बेल्ट आणि कारागिराची मजुरी ही दरवर्षी येणारी रक्कम आहे. ती वार्षिक आराखड्यातच धरली तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यास ऐन श्रावणात मंजुरीसाठी धावपळ करावी लागत नाही. हमीच्या मुदतीत असलेले इंजिन स्थानिक पातळीवर खोलू नये, अन्यथा हमी नाकारली जाण्याचा संभव असतो. आणि इंजिन दुरुस्तीला पाठविताना त्याचा क्रमांक नोंदवहीत उतरवून घ्यावा. सारख्या दिसणाऱ्या इंजिनांच्या रांगेतून आपले इंजिन ओळखण्याचा तोच एक पुरावा असतो.

शाळांना या कामात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मुलांनी पेट्रोल किंवा पात्याला हात लावावा असे नाही; परंतु प्लग काढलेले, रिकामे, थंड इंजिन टेबलावर असताना विज्ञानाच्या तासाला दोरी हळू ओढून पिस्टनची वरखाली होणारी हालचाल प्लगच्या भोकातून पेन्सिल न घालताही, नुसत्या हवेच्या फुंकरीवरून दाखविता येते. जवळच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील डिझेल किंवा ट्रॅक्टर मेकॅनिकच्या वर्गातील शिक्षकांना वर्षातून एकदा गावात बोलावून गटाची सर्व यंत्रे एका दिवसात तपासून घेतली, तर खर्च थोडा आणि उपयोग मोठा होतो. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाची, आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची, कृषी अभियांत्रिकी शाखाही या परिसरापासून दूर नाही.

सर्व बसवून झाल्यावर इंजिन उघड्यावर चालू करावे. पहिली पाच मिनिटे पाते किंवा नांग्या जोडू नयेत, गती कमी ठेवावी. या वेळात कारागिराने आवाजापेक्षा पायाकडे पाहावे. बोल्टाच्या डोक्याशी ठेवलेला खडूचा बारीक तुकडा जागचा हलत नसेल तर इंजिन नीट बसले आहे. मग ते बंद करावे, थंड होऊ द्यावे, तेलाची पातळी पुन्हा पाहावी आणि चारही बोल्टांना एकदा पाना लावावा. तासभर प्रत्यक्ष काम झाल्यावर हीच तपासणी आणखी एकदा करून नोंदवहीत तास लिहावेत.